संहिता, मजकूर आणि सामान्यरूप : संगणकीय आज्ञावलींच्या मराठीकरणाचा इतिहास

संगणकाच्या आज्ञावलीत दोन प्रकारची भाषा असते. एक यंत्राला उद्देशून लिहिलेली. तीत अटी, क्रम, पुनरावृत्ती आणि गणिते असतात. रोजच्या बोलण्यात तिला कोड म्हणतात. ह्या लेखात तिला संहिता म्हटले आहे. दुसरी भाषा माणसाला उद्देशून असते : ‘फाइल सापडली नाही’, ‘केलेले बदल जतन करावयाचे काय?’ ह्यांसारखी वाक्ये. आरंभीच्या आज्ञावलींत ह्या दोन्ही भाषा एकमेकींत गुंतलेल्या असत. आज्ञावली दुसऱ्या भाषेत न्यावयाची झाल्यास संहितेची सारी पाने चाळून अवतरणचिन्हांतील वाक्ये हुडकावी लागत आणि त्यांच्या जागी नवी वाक्ये घालावी लागत. मूळ आज्ञावलीची सुधारलेली आवृत्ती निघाली की हा सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. ह्यावर उपाय म्हणून माणसासाठी असलेला मजकूर संहितेतून काढून वेगळ्या सूचीत ठेवण्याची रीत पडली. संहितेने वाक्य स्वतः न बोलता सूचीतून मागून घ्यावयाचे, आणि सूची मात्र प्रत्येक भाषेची निराळी, अशी ही व्यवस्था आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात ह्या रीतीची नोंद एक सोयीची युक्ती एवढीच होते. भाषेच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. मजकूर वेगळा काढता येतो ह्या कल्पनेच्या मुळाशी भाषेविषयीचे एक गृहीत आहे. ते असे की, वाक्य ही अंगरख्याप्रमाणे उतरवून दुसरी चढवता येण्याजोगी वस्तू आहे. मराठीचा अनुभव ह्या गृहीताला अनुकूल नाही. मजकूर संहितेबाहेर पडल्यावरही व्याकरण बराच काळ संहितेतच राहिले, आणि ते व्याकरण इंग्रजीचे होते, असे ह्या अनुभवावरून दिसते. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही रीत प्रथम ठळकपणे दिसते ती १९८४ मध्ये निघालेल्या मॅकिन्टॉश संगणकात. ब्रूस हॉर्न ह्यांनी रचलेल्या व्यवस्थेनुसार त्या यंत्रावरील प्रत्येक फायलीला दोन शाखा असत. एकीत माहिती, दुसरीत साधने. पर्यायांच्या याद्या, सूचनापेट्यांतील वाक्ये आणि चित्रे ही साधनांच्या शाखेत राहात. त्यामुळे संहितेला हात न लावता अनुवादकाला फ्रेंच किंवा जर्मन वाक्ये भरता येत. युनिक्स ह्या कार्यप्रणालीच्या जगात हेच काम एक्स/ओपन ह्या संघटनेच्या प्रमाणग्रंथांनी केले. तेथील पद्धतीत प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असे. संहितेने सूचीतील दुसऱ्या गटाचे सतरावे वाक्य मागावे, असा प्रकार. क्रमांकाला अर्थ नसतो, त्यामुळे वाक्य कितीही बदलले तरी क्रमांक तोच राहतो. पण संहिता वाचणाऱ्याला ‘सतरा’ वरून काहीच बोध होत नाही.

ह्याच गैरसोयीतून दुसरा पंथ निघाला. सन मायक्रोसिस्टिम्सने प्रथम वापरलेली आणि १९९५ पासून ग्नू प्रकल्पाने मुक्तपणे उपलब्ध करून दिलेली ‘गेटटेक्स्ट’ ही पद्धती क्रमांकाऐवजी इंग्रजी वाक्यालाच किल्ली मानते. लेखकाने इंग्रजी वाक्य संहितेत नेहमीप्रमाणे लिहावयाचे आणि त्याभोवती एक खूण करावयाची. ही खूण बहुधा नुसती एक अधोरेषा आणि कंस एवढीच असते. मग एक साधन साऱ्या खुणा गोळा करून सूची तयार करते. तीत एका ओळीवर इंग्रजी वाक्य आणि खालच्या ओळीवर अनुवादासाठी रिकामी जागा. अनुवाद न मिळाल्यास संहिता इंग्रजी वाक्यच दाखवते. मुक्त आज्ञावलींच्या जगात हीच पद्धती रूढ झाली, आणि मराठीत जे काम स्वयंसेवकांनी केले त्यातील फार मोठा भाग ह्याच सूचींतून झाला.

किल्ली इंग्रजी असण्याचे परिणाम लवकरच दिसू लागले. मूळ वाक्यात कोणी एक स्वल्पविराम वाढवला तरी किल्ली बदलते. जुना अनुवाद ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला पडतो आणि अनुवादकाने पुन्हा पाहीपर्यंत वापरात येत नाही. दुसरा परिणाम अधिक भाषिक आहे. इंग्रजीतील ‘ओपन’ हा शब्द आज्ञार्थी क्रियापदही आहे आणि विशेषणही. इंग्रजीत रूप एकच, म्हणून किल्ली एकच, म्हणून मराठीत जागाही एकच. तेथे ‘उघडा’ लिहावे तर जेथे ‘उघडलेली फाइल’ असा अर्थ आहे तेथेही ‘उघडा’ उमटते. (मराठीत ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो यंत्राच्या ध्यानीमनीही नसतो.) ‘व्ह्यू’ म्हणजे पाहा की दृश्य, ‘कॉपी’ म्हणजे प्रत की प्रत करा, हे प्रश्न त्याच जातीचे. किल्लीला संदर्भाची जोड देण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये २००६ मध्ये झाली. तोवर अनुवादकाने अंदाज करावयाचा किंवा दोन्ही ठिकाणी कसेबसे चालेल असा शब्द निवडावयाचा, एवढेच हाती होते. आजच्या मराठी पडद्यांवर ‘दृश्य’, ‘प्रत’, ‘शोध’ अशी क्रियापदरहित नामे जागोजागी दिसतात, त्याचे एक कारण इंग्रजीतील ही द्व्यर्थता असावी, असे आम्हांस वाटते.

हे सारे मराठीपर्यंत पोहोचण्याआधी लिपीचा प्रश्न सुटावा लागला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ हे काम, १९९१ चे ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली युनिकोडची पहिली आवृत्ती ही त्यातील प्रमुख टप्प्यांची नावे. ह्या इतिहासावर अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ह्या पहिल्या पर्वात देवनागरी संगणकात आली ती माहिती म्हणून. पत्र मराठीत लिहिता येई, पण ते जतन करण्याची आज्ञा इंग्रजीतच राही. मराठी ही यंत्राने साठवावयाची भाषा झाली होती, यंत्राने बोलावयाची नव्हे.

यंत्राने मराठीत बोलण्याचा उपक्रम २००० नंतर सुरू झाला. मुंबईतून चाललेला इंडलिनक्स प्रकल्प, ग्नोम व केडीई ह्या पडदाप्रणालींच्या मराठी सूची, आणि पुण्यात रेड हॅट कंपनीच्या कार्यालयातून झालेले अनुवादाचे काम ही त्यातील ठळक नावे. एकाच इंग्रजी संज्ञेला दहा अनुवादकांनी दहा शब्द योजू नयेत, म्हणून नेहमी लागणाऱ्या संज्ञांची समान सूची करण्याचा ‘फ्युएल’ नावाचा प्रयत्न २००८ मध्ये तेथूनच निघाला. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एक्सपीसाठी मराठीचे भाषा-आवरण काढले. ‘आवरण’ हा शब्द येथे योग्यच आहे. खाली इंग्रजी विंडोज तसेच राही, आणि आवरण जेथे पुरत नसे तेथे ते उघडे पडे.

विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो त्या मीडियाविकीचा मार्ग थोडा निराळा आहे आणि आमच्या मते अधिक उद्बोधक आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. मीडियाविकीत भाषेचा मजकूर वेगळ्या फायलीत होता खरा, पण ती फाइल पीएचपी ह्या संगणकीय भाषेतच लिहिलेली असे. म्हणजे मजकूर वेगळा असूनही तो संहितेच्याच रूपात होता. एखादे अवतरणचिन्ह चुकीच्या जागी पडले तर साऱ्या आज्ञावलीचा घोटाळा होई. २०१४ मध्ये हा मजकूर जेसन ह्या साध्या, आज्ञारहित स्वरूपात हलवण्यात आला. ट्रान्सलेटविकी ह्या संकेतस्थळावर त्याआधीपासूनच संहिता मुळीच न येणारे लोक अनुवाद करीत होते. वेगळेपण एका दिवसात सिद्ध होत नाही, ते पायरीपायरीने होते, हे येथे नीट पाहावयास मिळते.

आता व्याकरणाकडे वळू. सुटी, पूर्ण वाक्ये अनुवादित करणे फारसे कठीण नव्हते. अडचण आली ती रिकाम्या जागा असलेल्या वाक्यांत, म्हणजे जेथे फायलीचे, गावाचे किंवा माणसाचे नाव यंत्र ऐनवेळी भरते त्या वाक्यांत. मराठीत अशा जागेसाठी ‘अमुक’ हा शब्द आधीपासूनच आहे, म्हणून तोच येथे वापरू.

पहिली अडचण पदक्रमाची होती. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. मराठीत क्रियापद शेवटी. दोन रिकाम्या जागा असल्यास त्यांचा क्रम उलटावा लागतो. एक्स/ओपनच्या प्रमाणातच जागांना क्रमांक देण्याची सोय होती, त्यामुळे ही अडचण लौकर मिटली. दुसरी वचनाची. इंग्रजी आज्ञावलीत संख्या एकाहून निराळी असल्यास शब्दापुढे ‘एस’ लावावा, असा नियम सरळ संहितेतच लिहिलेला असे. ‘दगड’ अनेकवचनात दगडच राहतो, ‘घोडा’ घोडे होतो आणि ‘वेल’ वेली होते, हे त्या नियमाला काय सांगावे? पुढे वचनाचे नियम भाषेच्या सूचीत गेले. युनिकोड संघाच्या भाषाविषयक माहितीकोशात मराठी काही काळ हिंदी, गुजराती, बंगाली ह्यांच्या गटात होती, म्हणजे शून्याला एकवचन मानणाऱ्या भाषांत. नंतर ती त्यातून काढून ‘एक’ एवढ्यालाच एकवचन मानणाऱ्या गटात घालण्यात आली. त्याच कोशात मराठीच्या क्रमवाचकांचे चार वर्ग आहेत : पहिला, दुसरा आणि तिसरा, चौथा, आणि पाचवा, सहावा वगैरे उरलेले. हिंदीला पाचवा वर्ग लागतो, कारण तेथे ‘छठा’ आहे. दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणाच्या वाचकाला ह्यात नवे काही नाही. नवे एवढेच की, ही माहिती आता यंत्राला वाचता येईल अशा रूपात सूचीबद्ध झाली आहे.

तिसरी अडचण लिंगाची, आणि येथे मराठीची गंमत अशी की, सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. ‘अमुकने पान हटवले’ ह्यात अमुक पुरुष की स्त्री, ह्याची चौकशी करावी लागत नाही. ‘अमुक आला’ किंवा ‘अमुक आली’ ह्यात मात्र ती करावी लागते. त्यासाठी मीडियाविकीने सूचीतच लिंगभेद लिहिण्याची सोय केली आहे. पण रिकामी जागा कर्माची असली तर ‘अमुक हटवला, हटवली की हटवले?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि येथे माणसाचे नव्हे, वस्तूचे लिंग कळावे लागते. फ्रेंच, जर्मन ह्यांच्या अनुवादकांनाही लिंगाचा त्रास असतो.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण सामान्यरूपाची. ‘अमुकला पाठवा’ हा साचा करावा आणि अमुकच्या जागी ‘पुणे’ भरावे. यंत्र ‘पुणेला’ म्हणेल, किंवा साचा करणाऱ्याने मध्ये अंतर सोडले असल्यास ‘पुणे ला’ म्हणेल. मराठी माणूस ‘पुण्याला’ म्हणतो. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या अंगातच बदल होतो, आणि तो बदल रिकाम्या जागेच्या आत होतो, जेथे अनुवादकाचा हात पोहोचत नाही. इंग्रजीत ही जागा निर्विकार असते, म्हणून ज्यांनी पद्धती रचली त्यांना ती निर्विकारच वाटली. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या यांत्रिक निरोपांत ‘सुरेश ने’, ‘ठाणे चा’ अशी तुटलेली रूपे आपण नित्य पाहतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही प्रत्यय शब्दापासून सुटा लिहिण्याची खोड दिसते. तिचे मूळ केवळ यंत्रात आहे असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण हिंदीच्या लेखनपद्धतीचा प्रभावही आहेच. परंतु जी चूक दिवसातून दहा वेळा छापील अक्षरांत डोळ्यांपुढे येते ती चूक वाटेनाशी होते, ह्यात शंका नाही.

जाणत्या अनुवादकांनी ह्यावर एक वाट काढली. नाव मूळ रूपात ठेवावयाचे आणि विभक्तीचा भार दुसऱ्या शब्दावर टाकावयाचा : ‘अमुक येथे’, ‘अमुक यांनी’, ‘अमुक ह्या नावाची फाइल’. यंत्राने कोणतेही नाव भरले तरी वाक्य बिघडत नाही, आणि शेवटच्या प्रकारात ‘फाइल’ शब्द आल्यामुळे लिंगाचा प्रश्नही सुटतो. ही वाट संगणकाबरोबर आलेली नाही. मराठीच्या जुन्या दप्तरी लेखनात ‘मौजे अमुक येथील मोकदम’, ‘राजश्री अमुक यांसी’ अशाच चालीने नावे येतात. तेथेही मायना ठरलेला आणि नाव प्रत्येक कागदात निराळे. लेखकाने ठरीव मजकूर आधी मनात धरावा आणि नाव मागाहून बसवावे, ही गरज तेव्हाही होती. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री ह्याच्या नावावर परंपरेने सांगितले जाणारे मेस्तक हे अशाच ठरीव मायन्यांचे मार्गदर्शन होय. आणि देवगिरी ह्या शहरापासून काही कोसांवरच आहे.

दक्षिणेतील दुसरे उदाहरण शब्दसूचीचे आहे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली झालेला राज्यव्यवहारकोश फारसी-दखनी संज्ञेसमोर संस्कृत प्रतिशब्द ठेवतो. कारभाराची यंत्रणा आहे तशीच ठेवून तिच्या शब्दांची सूची बदलावयाची, असे त्याचे स्वरूप. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला. तुलना येथेच थांबवावयास हवी, कारण माणूस दोन्ही शब्द वापरू शकतो आणि यंत्र एकच. पेशवा मुख्य प्रधान झाला तरी लोकांच्या तोंडी आणि पुढे इतिहासातही पेशवाच राहिला. जुनी किल्ली माणसाच्या जगात सहजी जात नाही. मराठवाड्यात तर सूची एकदा नव्हे, अनेकदा बदलली. निजामाच्या राज्यात १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू आली, १९४८ नंतर व पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी. तरी तहसील, दस्तऐवज आणि फेरफार आपापल्या जागी आहेत.

‘येथे’ आणि ‘यांनी’ ह्यांची वाट दप्तरी मराठीला शोभते. पण साऱ्याच बोलण्याला दप्तरी वळण लावणे हा काही खरा उपाय नव्हे. खरा उपाय म्हणजे व्याकरणही मजकुराच्या बाजूला नेणे. मीडियाविकीच्या सूचीत विभक्तीसाठी खूण आहे. फिनिश, रशियन अशा भाषांनी तिचा उपयोग करून घेतला. मोझिलाने २०१९ मध्ये स्थिर केलेल्या ‘फ्लुएंट’ ह्या पद्धतीत एकाच संज्ञेची अनेक रूपे सूचीतच लिहिता येतात, आणि कोणते रूप कोठे घ्यावयाचे हे अनुवादक ठरवतो. संहितेला त्याचा पत्ताही नसतो. युनिकोड संघाने मार्च २०२५ मध्ये आपल्या माहितीकोशाच्या ४७ व्या आवृत्तीबरोबर स्थिर केलेले ‘मेसेजफॉरमॅट’चे दुसरे रूप त्याच दिशेचे आहे. अकरा वर्षांच्या मुलालाही येणारे ‘पुण्याला’ हे रूप यंत्राकडून वदवून घेण्यासाठी चाळीस वर्षे लागली, आणि आजही सोय झाली आहे एवढेच. रूपे कोणी तरी भरावी लागतील.

ती भरताना काय काय भरावे लागेल ह्याची कल्पना ह्या शहराच्या नावावरून येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. विमानतळाचे आंतरराष्ट्रीय चिन्ह ‘आयएक्सयू’ असे होते. त्या अक्षरांचा शहराच्या नावाशी उघड संबंध नाही, त्यामुळे त्याला बदलाची झळ लागण्याचे कारण नव्हते. ते क्रमांकासारखे आहे. रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले तेव्हा ‘एडब्ल्यूबी’ हे चिन्ह जाऊन ‘सीपीएसएन’ आले. ती किल्ली नावावरूनच घडवलेली होती. कालमानाच्या जागतिक सूचीत आपल्या विभागाचे नाव बराच काळ ‘एशिया/कलकत्ता’ होते, ते पुढे ‘कोलकाता’ करण्यात आले. युनिकोडच्या कोशाने मात्र आतली जुनी किल्ली तशीच ठेवली आणि वाचणाऱ्याला दाखवावयाचे नाव तेवढे बदलले. ज्या नोंदवहीत गावाचे नावच किल्ली म्हणून वापरले असेल, तेथे नावबदलानंतर एकाच शहराच्या दोन शहरांच्या नोंदी होणे अटळ आहे.

हे झाले नावाचे. नावाच्या व्याकरणाकडे अजून कोणी फारसे पाहिलेले नाही. जुन्या नावाची सप्तमी ‘औरंगाबादेत’ अशी होई, ‘हैदराबादेत’ प्रमाणे. म्हणजे नाम स्त्रीलिंगी वळणाने चाले. नवे नाव ‘संभाजीनगरात’ असे नपुंसकलिंगी वळणाने चालते. नाव बदलताच रूपावलीचा वर्ग बदलला. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवल्याने ‘एत’ चे ‘आत’ होत नाही. शिवाय प्रत्यय कोणता, ह्यावरही अंगातील बदल अवलंबून असतो. ‘नागपूरला’ म्हणताना अंग बदलत नाही, ‘नागपुरात’ म्हणताना बदलते. ‘नाशिकला’ आणि ‘नाशकात’ ह्यांचे अंतर त्याहून मोठे आहे. जालना, बुलढाणा, भंडारा, सातारा, वर्धा, अकोला, पुणे, ठाणे आणि धुळे ही नावे मात्र ‘ला’ पुढेही बदलतात : जालन्याला, भंडाऱ्याला, धुळ्याला. राज्यात २०१४ पासून ३६ जिल्हे आहेत. त्यांच्या नावांपुढे मूळ रूप, लिंग, ‘ला’ पूर्वीचे अंग, ‘त’ पूर्वीचे अंग आणि ‘हून’ पूर्वीचे अंग असे पाच रकाने आखले तर १८० नोंदी होतात. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याला एका सत्रात प्रत्यक्ष वापर तपासून ही सारणी करता येईल. तालुक्यांची त्यानंतर घ्यावी.